गोष्टीचा शेवट सांभाळ

धाकटा खोटं बोलला की लगेच 'लांडगा आला रे आला' काढून बसू नकोस, सूनबाई. गोष्ट चांगली आहे, पण लहान पोराला तिच्यातला लांडगा तेवढा लक्षात राहतो. आणि भ्यालेलं पोर खरं बोलत नाही, पुढच्या खेपेला जास्त हुशारीने लपवतं.

मी आपलं अनुभवाने म्हणायची, पण २०१४ साली कॅनडातल्या कांग ली, व्हिक्टोरिया तलवार वगैरे मंडळींनी ते करून पाहिलं. तीन ते सात वर्षांच्या मुलांना बजावलं, खेळण्याकडे चोरून बघायचं नाही. मग एकेक गोष्ट वाचून दाखवली आणि विचारलं, पाहिलंस का? लांडग्याच्या आणि नाक लांबणाऱ्या पिनोकिओच्या गोष्टीचा काही उपयोग झाला नाही. झाला तो छोट्या जॉर्ज वॉशिंग्टनच्या गोष्टीचा. तो चेरीचं झाड तोडल्याचं कबूल करतो आणि वडील त्याच्या खरेपणावर खूश होतात. तीच गोष्ट फिरवून खोट्याचे वाईट परिणाम दाखवले, तर तिचाही गुण गेला. (ती गोष्टच वीम्स नावाच्या चरित्रकाराने रचलेली मानतात, ही त्यातली गंमत!)

आपल्याकडे थोरल्याला सांगण्याजोगी गांधीजींची आहे. पंधराव्या वर्षी त्यांनी भावाच्या कड्यातला सोन्याचा तुकडा चोरला. मग सगळं चिठ्ठीत लिहून थरथरत्या हातांनी वडिलांना दिलं. वडील अंथरुणाला खिळलेले. उठून बसले, वाचलं, डोळ्यांतून पाणी आलं, चिठ्ठी फाडली आणि पुन्हा आडवे झाले. रागाचा एक शब्द नाही. इथे थांब, घाई करू नकोस, पोराला काय विचारायचं ते विचारू दे.

धाकट्याला लाकूडतोड्या पुरे. पण सोन्याच्या कुऱ्हाडीवर रेंगाळू नकोस, नाहीतर 'मग मला काय मिळणार?' हा प्रश्न ठरलेलाच. 'ही माझी नाही' म्हणताना त्याला कसं वाटलं असेल, तिथे रंगव. हरिश्चंद्र एवढ्यात नको. खरं बोलून राज्य, बायको, पोर सगळं जातं, एवढंच पोराला कळतं.

गोष्ट सांगायची ती भांडण विरल्यावर, रात्री झोपवताना. तात्पर्य सांगू नकोस. आणि शर्टावर दुधाचे डाग दिसत असताना 'कोणी सांडलं?' असं विचारायचंच कशाला? खोटं बोलायला आपणच वाट करून देतो. 'दूध सांडलंय, फडकं आण' म्हण. आपणहून कबूल केलं तर जवळ घे, मग दोघं मिळून पुसा. आणि ते संध्याकाळी पाहुण्यांपुढे हसत सांगू नकोस.

आमच्या चिरंजीवांनाही सांग, फोन आला की 'बाबा घरी नाहीत म्हण' हे बंद. थोरल्याला आता बारा पूर्ण झाली. एसटीत धाकट्यासमोर त्याचं वय चोरून अर्धं तिकीट मागू नका, फुल काढा.