चॉकलेट सिस्ट आणि गर्भपात

प्रश्न : वय 31. पाळीत असह्य दुखतं. डाव्या अंडाशयात 3 सेंमीची चॉकलेट सिस्ट आहे. मार्चमध्ये आठव्या आठवड्यात गर्भपात झाला. तो या आजारामुळेच का? आधी ऑपरेशन करावं का? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, तुमच्या हातून काहीही चुकलेलं नाही. पहिल्या तीन महिन्यांतले निदान निम्मे गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतील दोषामुळे होतात. चॉकलेट सिस्ट ज्या आजारात होते, त्या एंडोमेट्रिऑसिसमध्ये धोका थोडा वाढलेला आढळतो, पण तुमचा गर्भपात त्यामुळेच झाला असं कुणालाही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी अंडाशयावर, नळ्यांभोवती वाढतात. सूज येते, अवयव एकमेकांना चिकटतात, स्त्रीबीज नळीत शिरणं अवघड होतं. तरी तुम्हाला दिवस राहिले होते, ही जमेची बाजू.

ऑपरेशनची घाई नको. सिस्ट सोलून काढताना भोवतीची निरोगी बीजंही जातात. म्हणून आधी एएमएच (बीजांचा साठा किती हे दाखवणारी रक्तचाचणी) तपासा आणि पतीची वीर्यतपासणीही करून घ्या. सिस्ट वाढत गेली, संशयास्पद दिसली किंवा वेदना आवरेनात, तर मात्र शस्त्रक्रियेचा विचार करावा लागेल.

‘मूल झालं की दुखणं जातं’ यावर विसंबू नका. हॉर्मोनच्या गोळ्यांनी वेदना शमतात, पण गर्भधारणेची शक्यता वाढत नाही; बाळ हवं असताना त्यांत महिने घालवू नका. सहा महिन्यांत दिवस राहिले नाहीत, तर वंध्यत्वतज्ज्ञांना भेटा. पुन्हा गर्भपात झालाच, तर थायरॉइड, रक्तातील अँटिबॉडी आणि गर्भाशयाची रचना यांची तपासणी करून घ्या.