जटलंडची जमीन व हिमयुग

जमिनीचा कस केवळ वरच्या वीतभर मातीवर अवलंबून नसतो. ती माती कोठून व कशी आली, यावरही तो असतो. डेन्मार्कमधील जटलंड हा समुद्रकाठचा सखल प्रदेश याचे उत्तम उदाहरण होय. तेथील सर्वांत उंच टेकडीही जेमतेम १७१ मीटर आहे.

हिमयुगात नॉर्वे व स्वीडनकडून बर्फाचे प्रचंड थर सरकत येथवर आले. शेवटच्या हिमयुगातील थर सुमारे २०,००० वर्षांपूर्वी जटलंडच्या मध्यावर थांबला. त्याची कड पश्चिम किनाऱ्यावरील बोव्हबर्गपासून पूर्वेस व्हिबॉर्गनजीक येऊन तेथून दक्षिणेस वळते, असे प्राध्यापक उसिंग यांनी १९०३ साली दाखविले. कडेच्या पूर्वेस बर्फाने दळून आणलेली चुनखडीमिश्रित चिकणमाती राहिली; ती सकस निघाली. पश्चिमेस बर्फाच्या पाण्याने रेती व खडे पसरले, आणि बारीक गाळ पुढे वाहून गेला.

या रेताड माळावर हीदर नावाचे झुडूप माजले. त्याच्या कुजक्या पाल्यातील आम्ल पावसाबरोबर खाली झिरपून मातीतील लोह विरघळवी. ते खाली साचून कातळासारखा कठीण पापुद्रा बने. त्यातून मुळे जात ना पाणी मुरे.

१८६४ च्या युद्धात डेन्मार्कने मोठा मुलूख गमावला. पुढे १८६६ साली एन्रिको डाल्गास प्रभृतींनी माळसुधारणेसाठी मंडळी स्थापिली. खोल नांगरून पापुद्रा फोडणे, चुनखडीची माती खणून शेतांत पसरणे, पाट काढणे व वाऱ्यास अडविण्यास झाडे लावणे, असे उपाय त्यांनी चालविले. तेणेकरून पुष्कळ माळ लागवडीखाली आला.

मात्र चुनखडीची माती म्हणजे खत नव्हे. ती आम्ल मारते व जमिनीतील सत्त्व पिकास मोकळे करून देते. शेणखत न घालता नुसती तीच घातल्यास जमीन निःसत्त्व होते. तिने बाप श्रीमंत होतो व मुलगा दरिद्री, अशा अर्थाची म्हण युरोपातील शेतकऱ्यांत आहे.

आपली दख्खनची काळी माती बर्फाने आणलेली नव्हे. ती काळ्या कातळाची झीज होऊन झालेली आहे. म्हणून जटलंडचे उपाय जसेच्या तसे येथे उचलू नयेत. परंतु त्यांची रीत घेण्याजोगी आहे. खर्चाचा उपाय योजण्यापूर्वी शेतात दोन-तीन ठिकाणी कमरेइतका खड्डा खणावा, थर पाहावे, कठीण थर कोठे लागतो हे नोंदवावे, आणि मगच नांगर, चुना किंवा चर यांचा विचार करावा, अशी आमची वाचकांस विनंती आहे.