बाहेरचं काम घेताना : दर, मुदत आणि आपला धंदा



आपल्या गटांमध्ये आता पापड-लोणच्याच्या जोडीला दुसरीही कामं आली आहेत. कुणी ड्रोनने फवारणी करते, कुणी सोलर दिवे-पंपाची दुरुस्ती करते, कुणी गावात कॉम्प्युटर मांडून ऑनलाइन अर्ज भरते. शहरात अशा नव्या छोट्या धंद्याला स्टार्टअप म्हणतात. आपण नुसतं ‘आमचं काम’ म्हणतो, पण गोष्ट तीच.

असा धंदा थोडा नावाला आला की बाहेरून माणसं विचारायला येतात. खताची कंपनी येते, एखादी संस्था येते, तालुक्याचा ठेकेदार येतो. ‘ताई, आमचं एवढं काम करून द्या, एकरकमी पैसे मिळतील.’ रोख पैसा दिसतो, बँकेचा हप्ता डोळ्यांपुढे असतो, आणि आपण लगेच ‘हो’ म्हणून बसतो. या महिन्याच्या पाठात त्या ‘हो’च्या आधी काय काय विचारायचं ते पाहू.

आधी हिशेब, मग बोलणी

ड्रोनचंच उदाहरण घेऊ. नमो ड्रोन दीदी योजनेत गटाला ड्रोनच्या किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये अनुदान आहे. उरलेल्या रकमेचं कर्ज गटाच्या किंवा संघाच्या डोक्यावर असतं. म्हणजे ड्रोन उभा राहिला तरी हप्ता चालूच.

आता समजा, एक कंपनी म्हणाली : ऑगस्टमध्ये ६०० एकर सोयाबीन फवारून द्या, एकरी २५० रुपये देऊ. दीड लाख! ऐकायला गोड वाटतं. पण कागद घ्या आणि एकरी खर्च मांडा. पायलट व मदतनीस ९० रुपये, गाडीभाडं ५०, बॅटरीची झीज ६०, जनरेटरचं तेल १५, दुरुस्ती आणि विमा २५. झाले २४० रुपये. उरले एकरी १०. सहाशे एकराचे सहा हजार. (हे आकडे समजण्यासाठी धरले आहेत. तुम्ही तुमच्या वहीतले घाला. बॅटरीची झीज बहुतेक वह्यांत सापडत नाही. बॅटरी ठराविक वेळा चार्ज झाली की संपते आणि नवीन घ्यायला मोठा पैसा लागतो, म्हणून ती एकरी धरायचीच.)

हिशेब इथेच थांबवला तर वाटेल, सहा हजार तर सहा हजार, काही तरी सुटलं. पण रोज २० एकर धरले तरी या कामाला पूर्ण ३० दिवस जातात. त्याच ३० दिवसांत आपल्या आसपासच्या गावांत रोज १० एकराचं काम मिळालं असतं, एकरी ४०० रुपयांनी. गाडीभाडं कमी म्हणून खर्च २१० धरा. एकरी १९० उरतात, ३०० एकराचे ५७ हजार. म्हणजे सहा हजारांसाठी आपण ५७ हजार सोडले.

म्हणून बाहेरच्या कामाचा कमीत कमी दर असा काढायचा : आपला खर्च २४०, त्यात हातचं सोडलेलं काम. ५७ हजाराला ६०० एकरांनी भागलं की ९५ येतात. २४० आणि ९५ मिळून ३३५. याच्या खाली गेलो तर घरचं काम परवडतं. आणि पैशापलीकडची एक गोष्ट वहीत मांडता येत नाही : ऑगस्टमध्ये आपल्या गावच्या शेतकऱ्याला ‘नाही’ म्हटलं की तो दुसऱ्याकडे जातो, आणि पुढच्या वर्षी तिकडूनच बोलावतो.

बसून बोलताना

एकटीने जाऊ नका. दोघी जा, एकीने बोलायचं, दुसरीने लिहायचं. आणि आपला शेवटचा आकडा बैठकीत आधीच ठरवून जा, तिथे गेल्यावर एकमेकींच्या तोंडाकडे बघायचं नाही. बोलणं साधारण असं होतं :

‘ताई, २५० च्या वर आम्हाला परवानगी नाही. वरून ठरलंय.’

‘बरं साहेब. मग एकर कमी करू. ३०० एकर घेतो, तेही आमच्या तालुक्यातले. गाडीभाडं वाचलं की दराचं बघता येईल.’

‘नाही, काम सगळं एकाच गटाला द्यायचंय.’

‘मग ३५० धरा. नाही तर तुरीची फवारणी आम्हाला द्या. तेव्हा आमचे दिवस मोकळे असतात, त्यात दर थोडा खाली आणू.’

बघा, यात नुसतं ‘वाढवा, वाढवा’ नाही. दर हलत नसेल तर एकर हलवायचे, एकर हलत नसतील तर महिना हलवायचा. आणि साहेब म्हणाले, ‘आत्ताच सांगा, दुसरा गट तयार आहे,’ तर शांतपणे म्हणायचं, ‘उद्या दुपारपर्यंत सांगतो, गटात विचारावं लागतं.’ गटात विचारावं लागतं, ही खरी गोष्ट आहे आणि ती आपली ताकदही आहे. एकट्या धंदेवाल्या माणसाला हा आधार नसतो.

दरासोबत काही प्रश्न तिथल्या तिथे विचारून घ्यायचे. औषध कोण आणणार? पाणी शेतापर्यंत कोण पोचवणार? औषध दिवसभर आलंच नाही किंवा शेतकरी तयार नाही म्हणून पायलट बांधावर बसून राहिली, तर त्या दिवसाचं काय? पाऊस-वाऱ्याने काम लांबलं तर मुदत वाढणार का? कंपनीच्याच औषधाने पीक करपलं तर जबाबदारी कुणाची? विजेच्या तारेत ड्रोन अडकला तर? भांडणं बहुतेक अशाच गोष्टींवरून होतात, दरावरून क्वचित.

पैसे कधी?

‘काम झालं की देऊ’ ही मुदत नव्हे. उधारीचं पोतं सव्वा हात रितं, हे आपल्या आजीलाही माहीत होतं. निदान तेल आणि गाडीभाड्यापुरती उचल आधी घ्या, आणि बाकीचं काम दर दोनशे एकराला बिल करून मागा. सगळं शेवटी ठेवलं की शेवटी आपल्या हातात काहीच धरायला राहत नाही.

इथे एक कायदा आपल्या बाजूचा आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात लिहिलंय की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाने माल किंवा सेवा दिली, तर लेखी ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे, आणि ती मुदत ४५ दिवसांच्या वर जाऊ शकत नाही. लेखी काहीच ठरलं नसेल तर १५ दिवस. म्हणजे कंपनीच्या कागदावर ९० दिवस छापलेले असले तरी ते चालत नाहीत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ. शिवाय आता आयकराचा नियम असा आहे की अशी मुदत चुकवलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला खर्चात धरता येत नाही, त्यामुळे त्यांचा अकाउंटंटही मार्चच्या आधी जागा होतो.

पण हे संरक्षण मिळायला उद्यम नोंदणी हवी, आणि ती काम घेण्याच्या आधी हवी. नोंदणी फुकट आहे, ऑनलाइन होते, आणि अर्जात बचत गटाचा पर्याय आहे. कुणी त्यासाठी हजार-दोन हजार मागत असेल तर देऊ नका. बिलावर उद्यम क्रमांक टाका. पैसे अडकलेच तर ऑनलाइन तक्रार करता येते. ती कशी भरायची ते जिल्हा उद्योग केंद्रात विचारा.

गटाच्या नावाचं पॅनकार्ड आहे का तेही पाहा. अशा ठेक्याच्या कामात वर्षाची रक्कम एक लाखाच्या वर गेली की कंपनी साधारण २ टक्के टीडीएस कापते. दोन लाख एक हजाराच्या बिलात चार हजार वीस रुपये, आणि कर लागत नसेल तर रिटर्न भरून ते परत मिळतात. पॅन नसेल तर कपात २० टक्के, म्हणजे चाळीस हजार! एका कार्डापायी.

शेगडीची गोष्ट

आपल्या जिल्ह्याला मोठ्या कंपनीशी बोलणी करण्याचा जुना अनुभव आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर उमरगा-लोहारा भागात पुनर्वसनाच्या कामात बायकांना पुढे आणणारी स्वयं शिक्षण प्रयोग ही प्रेमा गोपालन यांची संस्था तुम्हाला माहीत आहे. २००६ च्या सुमारास ब्रिटिश पेट्रोलियम कंपनीने या संस्थेबरोबर ‘ऊर्जा’ नावाची कमी धुराची शेगडी गावांत आणली. तंत्र बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं. छोटा पंखा, आणि जळणाला शेतातल्या काडीकचऱ्यापासून बनवलेल्या दाबीव गोळ्या. विकणाऱ्या आपल्या गावच्या सखी. ही भागीदारी इतकी वेगळी होती की सी. के. प्रह्लाद यांनी तिच्याबद्दल २००७ साली हार्वर्डच्या मासिकात लिहिलं.

शेगड्या खपल्या, सखींना कमिशन मिळालं. पण शेगडी एकदा विकायची आणि गोळ्या कायम लागायच्या. गोळ्यांचा कच्चा माल महागला, गोळ्या महागल्या, आणि कितीतरी घरांतल्या शेगड्या कोपऱ्यात गेल्या. त्यातच २००९ मध्ये ब्रिटिश पेट्रोलियमने हा धंदा सोडला आणि तो फर्स्ट एनर्जी या कंपनीकडे गेला.

माझ्या मते यातली शिकण्यासारखी गोष्ट शेगडीत नाही, पुढच्या भागात आहे. घरोघरी ओळख असलेल्या बायकांचं जाळं कंपनीबरोबर गेलं नाही, ते संस्थेकडे आणि गावात राहिलं. त्याच जाळ्यातून पुढे सोलर दिवे आणि इतर वस्तू विकल्या गेल्या. गिऱ्हाईक कुणाचं, हा प्रश्न म्हणून दराइतकाच मोठा.

यादी, ओळख आणि आपलं डोकं

म्हणून कंपनी म्हणाली, ‘सगळ्या शेतकऱ्यांची नावं, मोबाइल, गट नंबर एक्सेलमध्ये द्या,’ तर विचारा : कशासाठी? पुढच्या वर्षी तुम्ही थेट फोन करणार का? शेतकऱ्याला न विचारता त्याचा नंबर द्यायचा नाही, आणि दिलाच तर याच कामापुरता, असं लिहून घ्यायचं.

गटातली एखादी शिकलेली मुलगी बाहेरच्यासाठी प्रशिक्षणाची पुस्तिका लिहीत असेल किंवा छोटं अ‍ॅप बनवत असेल तर तिने लक्षात ठेवावं : ती नोकरीत नसेल, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने हक्क आधी तिचा असतो, आणि तो लेखी दिल्याशिवाय जात नाही. फोटो आणि व्हिडिओचं मात्र उलट आहे. पैसे देऊन काढून घेतले तर वेगळं काही ठरलं नसल्यास ते पैसे देणाऱ्याचे. आपल्याला ते आपल्या जाहिरातीत वापरायचे असतील तर आधीच तसं लिहून घ्या.

‘पुढची दोन वर्षं दुसऱ्या कुणाचं काम करायचं नाही’ अशी अटही कागदात घुसवलेली असते. काम चालू आहे तोवर थोडं बंधन समजू शकतो, त्याचेही पैसे मागा. पण करार संपल्यावर आपला धंदाच करू नका अशी अट १८७२ च्या करार कायद्यात सहसा टिकत नाही. तरी ती खोडून घेतलेली बरी, कोर्टात कोण जातंय?

कागद

ऑक्टोबर २०२४ पासून १०० चा स्टॅम्प चालायचा तिथे महाराष्ट्रात ५०० चा लागतो. मोठ्या कामाला करावा. छोट्या कामाला कंपनीची लेखी ऑर्डर घ्या. तीही मिळत नसेल तर बोलणं झाल्यावर त्याच संध्याकाळी साहेबांना व्हॉट्सअ‍ॅप करा :

‘नमस्कार साहेब. आज ठरल्याप्रमाणे ३०० एकर, दर ३३५ रु., औषध व पाणी तुमचं, उचल ३० हजार, दर १०० एकराला बिल, बिलानंतर १५ दिवसांत पैसे. काम उचल जमा झाल्यावर सुरू करू. बरोबर असल्यास कळवावे.’

‘ओके’ आलं की त्याचा फोटो काढून गटाच्या फाइलला लावा, सचिवाच्या मोबाइलवर एकटा ठेवू नका. आणि उचल खात्यात दिसेपर्यंत ड्रोन गाडीत चढवायचा नाही.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने आपल्या एका कामाचा एकरी, नगावारी किंवा तासाचा खर्च वर दाखवल्यासारखा मांडून आणावा. ज्यांच्या वहीत झीज धरलेली नाही त्यांनी मशीनच्या खरेदीचं बिल सोबत आणावं, तिथेच काढू.