सिरिपुळुमावि आणि सिरोप्टोलेमाइओस : मावळातील कोरीव लेखांच्या साक्षीने

ग्रीक व लॅटिन ग्रंथांत आढळणारी भारतीय राजांची नावे ही ‘संस्कृत नावांची भ्रष्ट रूपे’ होत, असे सांगण्याची प्रथा आहे. सातवाहनांपुरती तरी ही समजूत तपासून घ्यावी लागते. त्यासाठी लोणावळ्याजवळील कार्ले येथील लेण्यांचे साक्ष्य मोलाचे आहे.

वलूरकच्या म्हणजे कार्ल्याच्या भिक्षुसंघाला दिलेल्या ग्रामदानाचा एक लेख ‘वासिठिपुत सामि सिरिपुळुमावि’ या राजाच्या ७ व्या वर्षाचा आहे. दुसरा, नऊ खोल्यांच्या मंडपाच्या दानाचा, २४ व्या वर्षाचा. दोन्ही लेख प्राकृतात असून राजाच्या नावामागे ‘श्री’ नव्हे, ‘सिरि’ आहे. आता इ. स. १५० च्या सुमारास अलेक्झांड्रियात लिहिणारा टॉलेमी पाहावा. त्याच्या ग्रंथात ‘बैठाना’ ही ‘सिरोप्टोलेमाइओस’ याची राजधानी आहे. येथील ‘सिरो’ प्राकृत ‘सिरि’वाचून उलगडत नाही. उपाधी नावाला चिकटून एकच शब्द झाला आहे, आणि हे ऐकीव माहितीचे लक्षण मानता येईल. ‘बैठाना’ही ‘प्रतिष्ठान’वरून नव्हे, ‘पइठाण’वरून आले, पेरिप्लसमधील ‘पैठाना’ तर आजच्या पैठणच्या अधिकच जवळचे आहे.

‘पुळुमावि’चे ‘प्टोलेमाइओस’ कसे झाले, हा प्रश्न अधिक रंजक आहे. काही पाठांत आरंभीचा ‘ट’ नाही. ‘पोलेमिओस’ या वळणाचे रूप मिळते, आणि ते मूळ उच्चाराला जवळचे दिसते. अपरिचित नाव कानावर पडले की भाषा त्याला आपल्या घरातल्या नावाचा अंगरखा चढवते. येथे तर ग्रंथकर्त्याचेच नाव जवळ होते! लेखनिकांना मोह आवरला नसल्यास नवल नाही.

नहपानाची गोष्ट निराळी. त्याचा जावई उसभदात याने वलूरकच्या भिक्षूंना करजिक गाव दिल्याचा लेख कार्ल्यालाच आहे. पेरिप्लसच्या हस्तलिखितात मात्र ‘मान्बानोस’सारखे रूप आहे. स्वरांमधला ‘ह’ लिहिण्याची सोय तत्कालीन ग्रीक लिपीत नव्हती. त्यात आद्य ‘न’चा ‘म’ झाला असावा. शिवाय हे नाव मुळात इराणी वळणाचे मानले जाते, म्हणजे येथे संस्कृताचा प्रश्नच उरत नाही.

लॅटिनने स्वतः फारसे काही केले नाही. ‘ओस’चे ‘उस’ आणि ‘आइ’चे ‘आए’ केले, इतकेच. प्लिनीला आंध्र हे लोक ठाऊक होते, परंतु पैठणच्या या राजाचे नाव लॅटिनमध्ये पोचले ते पंधराव्या शतकाच्या आरंभी, याकोपो आंजेली याने टॉलेमीचे भाषांतर केले तेव्हा. ते विचेन्झा येथे १४७५ मध्ये छापले गेले.

एक अपवाद नोंदविला पाहिजे. जस्टिनच्या लॅटिन ग्रंथातील ‘सान्ड्रोकोट्टुस’मध्ये ‘गुत्त’ प्राकृत आहे, पण ‘न्द्र’ शाबूत आहे. अथेनेयसच्या ‘सान्ड्रोकुप्टोस’मध्ये तर ‘प्त’ही टिकला आहे. म्हणजे पाटलिपुत्राहून गेलेल्या नावात संस्कृत उच्चाराचा अंश होता. विल्यम जोन्स यांनी १७९३ मध्ये चंद्रगुप्ताची ओळख पटवली ती ग्रंथांच्या आधारे. पुळुमाविच्या बाबतीत शिलालेख हाताशी होते. रा. गो. भांडारकरांनी १८८४ च्या दख्खनच्या इतिहासात टॉलेमीतील हे नाव आणि उज्जयिनीच्या ‘टिआस्टेनेस’चे म्हणजे चष्टनाचे नाव कालनिर्णयासाठी वापरले. सातवाहनांच्या कालगणनेचा एक महत्त्वाचा आधार अशा रीतीने या ध्वनिसाम्यावर उभा आहे. ‘सिरि’चा पुरावा म्हणूनच केवळ भाषिक कुतूहलाचा नाही.

उलट दिशेचा प्रवासही कार्ल्यातच दिसतो. चैत्यगृहातील एका स्तंभाचा दाता धेनुकाकटाचा यवन आहे, आणि त्याचे कोरलेले नाव आहे ‘सिहधय’, म्हणजे सिंहध्वज.