जुन्या हेरल्डची वायरिंग

मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून बांधलेली हेरल्ड ही विलायती ट्रायम्फ हेरल्डचीच देशी आवृत्ती, आणि त्याच हेरल्डची चासी आखूड करून १९६२ साली स्पिटफायर ही नामांकित स्पोर्ट्‌स कार सिद्ध झाली. त्यामुळे आमच्या जवळा बाजारच्या एका गुदामात, हळदीच्या पोत्यांशेजारी, उंदरांनी वायरींचे वेष्टन कुरतडलेली जी हेरल्ड मी दुरुस्तीस काढली, तिची कैफियत स्पिटफायरच्या मालकासही परकी वाटू नये.

नवी वायरिंग येऊन पडण्याआधीच कारागिराने जुने जुडगे पकडीने कापून काढले, आणि मामला तेथेच बिघडला; कारण वायरिंग कितीही जीर्ण असली तरी कोणती वायर कोठून निघते, कोठे फाटा घेते व कोठे संपते, याचे अस्सल दप्तर तीच असते. गाडीचे विजेचे सामान बनविणाऱ्या लुकास कंपनीच्या रंगसंकेताप्रमाणे तपकिरी वायर बॅटरीची, पांढरी इग्निशनची, निळी मोठ्या दिव्यांची, तांबडी लहान दिव्यांची व काळी अर्थिंगची, हे खरे. परंतु वर्षानुवर्षांच्या तेला-धुळीने तपकिरी व तांबडी एकरूप झालेली, आणि मधल्या काळात कोणी हाती आला तो तुकडा जोडून दिलेला, त्याची दाद कोणत्या नकाशाकडे मागावी? म्हणून प्रत्येक टोकास चिठ्ठी बांधून, वहीत नोंद करून, जुडगे अखंड उतरवावे आणि नव्याशेजारी जमिनीवर अंथरून फाट्यास फाटा ताडून पाहावा.

हेरल्डचे बॉनेट मडगार्डांसह पुढे उलटते, सबब दिव्यांच्या वायरींना तेथे सैल वळण ठेवावे. घरगुती एकेरी तांब्याची वायर स्वस्त पडते खरी, पण गाडीच्या हादऱ्यांनी ती मोडते. बारीक तारांची मोटारीचीच वायर घ्यावी, आणि ४५ वॉटचे दोन दिवे १२ व्होल्टवर साडेसात अँपिअर ओढतात हे ध्यानी धरून तिची जाडी ठरवावी. विलायतेतील शौकीन लुकासला अंधाराचा राजपुत्र म्हणून हिणवतात. माझ्या मते त्यातला अर्धा अंधार गंजाचा, कारण या गाडीची बॉडी तुकड्यातुकड्यांनी बोल्टांनी जोडलेली असल्याने अर्थिंग प्रत्येक सांध्यातून वाट काढते, तेव्हा तेथील रंग खरवडून लोखंड उघडे करावे.

बॅटरी प्रथम जोडताना सर्व स्विच बंद ठेवून तिच्या अर्थिंगच्या वायरीत एक बल्ब मध्ये घालावा. तो पूर्ण तेजाने पेटला तर कोठेतरी वायर बॉडीस टेकली आहे असे समजून, एकेक फाटा सोडवीत तो विझेपर्यंत शोध घ्यावा.