वार्तेच्या वाटा

बातमी वाऱ्यावर पसरते असें आपण म्हणतों. परंतु नीट पाहिलें असतां ती माणसांच्या नात्यांवरून व कामांवरून चालते, असें आढळून येईल. कोणतें वर्तमान कोणीं कोणास सांगावें, हें प्रत्येक समाजांत बहुधा ठरून गेलेलें असतें.

देशावरील जुन्या गांवगाड्याचें उदाहरण घ्या. सरकारी हुकूम पाटलाकडे येई. लेखी दप्तर कुळकर्ण्यापाशीं असे. लोकांस चावडीवर बोलावणें, सरकारी टपाल पोंचविणें, मयताची खबर परगांवच्या सोयऱ्यांस देणें, हीं कामें महार वतनदारांकडे असत. शिवेचा तंटा पडला तर त्यांचीच साक्ष घेत. गांवाचें वर्तमान त्यांच्या पायांनीं चाले. पण चावडीवर बसून निर्णय करण्याचा मान त्यांस नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९२८ सालीं मुंबई कायदेमंडळांत या वतनाच्या कायद्यांत सुधारणा सुचविणारें विधेयक मांडलें. पुढें १९५८ च्या कायद्यानें हीं वतनें रद्द ठरलीं.

आतां आपल्या डोळखांबकडील मुलखाकडे वळूं. येथें वस्ती पाड्यापाड्यांत विखुरलेली. ठाकूर, महादेव कोळी, कुणबी, कातकरी यांच्या सोयरिकी बहुधा आपापल्या जमातींतच होतात. त्यामुळें एका पाड्यांत घटकाभरांत घरोघर झालेली गोष्ट ओढ्यापलीकडच्या पाड्यास आठवडाभरहि कळत नाहीं, असें घडूं शकतें. अंगणवाडीची ताई, आशा सेविका, दुकानदार, शाळेंतील मुलें, अशीं दोहोंकडे येजा करणारीं थोडीं माणसें हाच काय तो दुवा.

हा दुवा तुटला म्हणजे काय होतें? २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणें जमिनीच्या दाव्याचा आरंभ ग्रामसभेंत होतो. पावसाळा सरला कीं पुष्कळ कातकरी कुटुंबें वीटभट्ट्यांवर जातात. त्या दिवसांत सभेची दवंडी त्यांच्या बंद दारांपुढें पिटली, तर ती पिटल्याची नोंद होईल; पण ज्यांचा हक्क, त्यांच्या कानीं ती पडणार नाहीं.

म्हणून वर्तमान ऐकतांना तीन प्रश्न मनाशीं विचारावे: हें कोणीं सांगितलें? त्यास तें कोठून कळलें? आणि अद्याप कोणास कळलें नाहीं? पहिल्या दोहोंनीं अफवा ओळखूं येते. तिसऱ्यानें शेजारधर्म घडतो. पालकांनींहि हे प्रश्न मुलांस घरीं विचारावे.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यांत कित्येक जण आपल्या घरांतील पहिलेच वाचणारे आहेत. भिंतीवरची नोटीस वाचतां आली, ही विद्या झाली. ती ओढ्यापलीकडे जाऊन सांगितली, म्हणजे त्या विद्येचें चीज झालें.