ज्वालामुखीची राख आणि आपला श्वास

रविवार, २३ नोव्हेंबर २०२५ रोजी आफ्रिकेतील इथिओपिया देशात हायली गुब्बी नावाच्या ज्वालामुखीचा उद्रेक झाला. हजारो वर्षांत हा डोंगर जागा झाल्याची नोंद नव्हती. त्याची राख सुमारे १४ किलोमीटर उंच उडाली. तांबडा समुद्र ओलांडून ती येमेन व ओमानवर आली आणि अरबी समुद्रावरून दुसऱ्या दिवशी सायंकाळी गुजरातमार्गे भारतात शिरली. राजस्थान, हरियाणा, दिल्लीवरून ती पुढे चीनच्या दिशेने निघून गेली. आखाताकडे जाणारी काही विमाने रद्द झाली, काहींचे मार्ग बदलले.

तळा, म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड या भागातील अनेक घरांतील मुले आखातात नोकरीला आहेत. त्यामुळे ही बातमी आपल्याकडे परक्या देशाची राहिली नाही. मोबाईलवर ‘विषारी ढग आला’, ‘आम्लाचा पाऊस पडणार’ असे निरोप फिरले. दवाखान्यातही तीन प्रश्न वारंवार विचारले गेले. ही राख आपल्यावर पडणार का? दमेकऱ्याने काय करायचे? आणि आपल्या डोंगराखालीही अशीच आग आहे का? या प्रश्नांची सविस्तर उत्तरे आज पाहू.

आपला डोंगर कधीच विझला

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू. तळगडाचा काळा कातळ, कुड्याची लेणी ज्यात कोरली तो दगड, सह्याद्रीचे थरावर थर रचलेले कडे, हे सारे लाव्हारसाचेच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून हा रस वाहिला आणि थंड होऊन त्याचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट झाला. आजही देशाचा सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भाग या दगडाखाली आहे.

परंतु हा कारखाना कधीच बंद पडला आहे. पालीजवळच्या उन्हेऱ्याचे किंवा महाडजवळच्या सवचे गरम पाण्याचे झरे पाहून खाली ज्वालामुखी असावा असे काहींना वाटते. तसे नाही. पावसाचे पाणी भेगांतून खोलवर झिरपते, जमिनीच्या पोटातील नेहमीच्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेतून वर येते. भारताचा जागता ज्वालामुखी अंदमानातील बॅरन बेटावर आहे. दीडशेहून अधिक वर्षे शांत राहून तो १९९१ मध्ये पुन्हा पेटला आणि त्यानंतरही अनेकदा धुमसला. त्या बेटावर मनुष्यवस्ती नाही.

ही राख चुलीतली नव्हे

आता पहिला प्रश्न. नोव्हेंबरमधील राख आपल्याकडे जमिनीवर पडली नाही, कारण ती फार उंचावरून, विमाने उडतात त्या थरातून जात होती. जमिनीलगतच्या हवेवर तिचा परिणाम होणार नाही, असे हवामान खात्यानेही सांगितले होते. दिल्लीची हवा त्या दिवशी वाईट होती, पण ती आधीपासूनच वाईट होती.

मग विमाने का थांबवली? ज्वालामुखीची राख ही लाकडाच्या राखेसारखी मऊ नसते. ती म्हणजे दगडाचा आणि काचेचा बारीक चुरा. विमानाच्या इंजिनातील उष्णतेने हा चुरा वितळतो, आतील पात्यांवर चिकटतो आणि इंजिन बंद पडू शकते.

असा चुरा जेथे खरोखर जमिनीवर पडतो तेथे माणसाचे काय होते? जाड कण नाकात व घशात अडकतात. नाक वाहते, घसा खवखवतो, कोरडा खोकला येतो. अगदी बारीक कण फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात. त्यासोबत गंधकाचा वायू, म्हणजे सल्फर डायऑक्साइड असेल तर श्वासनलिका आवळतात. निरोगी माणसाला थोडा वेळ ठसका लागून बरे वाटते. दमा असलेल्याला मात्र त्याच हवेत जोराचा झटका येऊ शकतो. डोळ्यांत कण गेले आणि ते चोळले तर बुबुळावर ओरखडे उठतात. एक-दोन दिवसांच्या राखेने फुप्फुसाचा कायमचा आजार सहसा होत नाही. वर्षानुवर्षे अशी धूळ श्वासात गेली तर तो धोका असतो.

पाऊस बिघडतो तो असा

राख काही दिवसांत खाली बसते. हवामान बिघडवतो तो गंधकाचा वायू. स्फोट फार मोठा असेल तर हा वायू ढगांच्याही वरच्या थरात पोहोचतो. तेथे पाऊस नसल्याने तो धुतला जात नाही. त्याचे आम्लाचे अतिसूक्ष्म थेंब बनतात आणि ते वर्ष-दोन वर्षे सूर्याची काही किरणे परत पाठवतात. जमीन किंचित थंड होते. आपला मान्सून जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातील फरकावर चालतो. जमीन पुरेशी तापली नाही तर तो अशक्त होऊ शकतो.

फिलिपीन्समधील पिनातुबोचा १५ जून १९९१ रोजी मोठा स्फोट झाला. त्याने सुमारे दीड ते दोन कोटी टन गंधकवायू वर फेकला आणि पुढील वर्षी जगाचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. हायली गुब्बीने सोडलेला वायू त्या मानाने फारच थोडा होता. तेव्हा त्यामुळे आपला पाऊस बिघडेल ही भीती मनातून काढून टाकावी.

मात्र इतिहासात याहून मोठा प्रसंग आहे. इंडोनेशियातील तांबोरा हा डोंगर एप्रिल १८१५ मध्ये फुटला. पुढचे १८१६ साल युरोपात ‘उन्हाळा नसलेले वर्ष’ म्हणून ओळखले जाते. तेथे पिके बुडाली, धान्य महागले, उपासमार आणि तापाची साथ आली. १८१७ मध्ये आपल्याकडे बंगालमध्ये जेसोर येथे पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची भयंकर साथ उसळली. १८१८ साली, ज्या वर्षी पेशवाई बुडाली त्याच वर्षी, ती मुंबईत पोहोचली. तांबोरामुळे पावसाचे चक्र बिघडले आणि त्यामुळे ही साथ भडकली, असे काही अभ्यासक मानतात. ते पक्के सिद्ध झालेले नाही. परंतु पूर आणि दुष्काळ यांच्या पाठोपाठ पाण्यातून पसरणारे रोग येतात, हे आपण कोकणात दर पावसाळ्यात पाहतो.

आइसलँडमध्ये १७८३ साली लाकी येथील भेगांतून आठ महिने लाव्हा वाहत होता. त्यातील फ्लोराइड गवतावर बसले. ते खाऊन निम्म्याहून अधिक गुरे-मेंढ्या मेल्या आणि नंतरच्या दुष्काळात देशातील सुमारे एक पंचमांश माणसे दगावली. त्यांना लाव्हाने जाळले नव्हते. चारा, दूध आणि मांस गेले म्हणून ती गेली.

स्फोटातून वाचली, छावणीत गेली

पिनातुबोच्या वेळी शास्त्रज्ञांनी आधीच इशारा दिला होता. लोकांना वेळेत हलवल्याने हजारो जीव वाचले. पण त्याच दिवशी तेथे वादळी पाऊस आला. छपरांवर साचलेली राख भिजून जड झाली, छपरे कोसळली आणि अनेक माणसे त्याखाली सापडली. नंतर छावण्यांत गोवर, जुलाब आणि न्यूमोनिया पसरले आणि त्यात कित्येक जीव गेले, विशेषतः डोंगरावरच्या आएता आदिवासींची मुले. त्यांतील अनेक मुलांना गोवराची लस मिळालेली नव्हती.

रायगड जिल्ह्याने हा धडा विसरू नये. आपला ज्वालामुखी विझला असला तरी त्याने रचलेले डोंगर झिजले आहेत. त्यावरची माती अतिवृष्टीत पाणी पिऊन घसरते. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यात तळिये आणि १९ जुलै २०२३ रोजी खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी येथे काय झाले ते आपण जाणतो. अशा वेळी घर सोडून शाळेत किंवा तात्पुरत्या निवाऱ्यात राहावे लागते. तेथे पहिल्या दिवसापासून उकळलेले किंवा क्लोरीन घातलेले पाणी, वेगळी शौचालये, हात धुण्यासाठी साबण आणि मुलांच्या लसीची चौकशी हवी. बाळाला गोवर-रुबेलाची लस ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान मिळालाच पाहिजे. वाडी-वस्तीवर कोणाचे मूल राहिले असेल तर आजच आशाताईंना सांगावे.

राख पडलीच तर

आपल्यापैकी कोणी नोकरी किंवा प्रवासानिमित्त अशा भागात असेल, तर पुढील गोष्टी घरच्यांनी त्याला जरूर कळवाव्यात.

१. राख पडत असताना घरात थांबावे. दारे-खिडक्या बंद करून फटीला ओले फडके लावावे.

२. बाहेर जाणे भाग असेल तर एन-९५ मास्क नाक-तोंडावर घट्ट बसेल असा लावावा. कोरोनाच्या काळात आपण तो वापरायला शिकलोच आहोत. मास्क नसेल तर कापडाच्या अनेक घड्या बांधाव्यात. कापड ओले केल्याने विशेष फायदा होत नाही.

३. डोळे चोळू नयेत, स्वच्छ पाण्याने धुवावेत. कॉन्टॅक्ट लेन्स काढून साधा चष्मा लावावा.

४. टाकी, विहीर, हंडे झाकावेत. पागोळीचे पाणी साठवू नये. पाणी गढूळ झाले तर क्लोरीनचा गुण कमी होतो, म्हणून ते आधी निवळू द्यावे, गाळावे आणि मग उकळावे.

५. राख कोरडी झाडू नये. थोडे पाणी शिंपडून मग गोळा करावी. घसरून पडण्याचा धोका असल्याने छपरावर एकट्याने चढू नये.

६. भाजी धुऊन घ्यावी. गुरांना राख बसलेला चारा घालू नये.

दमेकऱ्यासाठी खास

आता राहिला दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. बरे वाटू लागले की पंप बंद करायचा, ही आपल्याकडची फार जुनी सवय. ‘पंपाची सवय लागते’, ‘पंप म्हणजे शेवटचा उपाय’ असे शेजारीपाजारी सांगतात. हे खरे नाही. पंपातील औषध थेट श्वासनलिकेत जाते आणि म्हणून फार थोड्या मात्रेत काम करते. रोज घ्यायचा पंप हा सूज आटोक्यात ठेवण्यासाठी असतो. तो सोडला की सूज परत येते आणि मग थोडीशी धूळही झटका आणते.

अशी धूळ आणायला इथिओपियाचा ज्वालामुखी लागत नाही. ती आपल्या दाराशीच आहे. शेतात राब भाजतात तेव्हाचा धूर, चुलीवर ओले लाकूड जळते तेव्हाचा धूर, कचरा पेटवतात तो धूर, खडी क्रशरची आणि रस्त्याच्या कामाची धूळ. राब भाजण्याच्या दिवसांत धाप लागलेले पेशंट दवाखान्यात हमखास वाढतात. नोव्हेंबरच्या ढगाला घाबरलेल्या कितीतरी घरांत चूल मात्र खिडकी नसलेल्या खोलीत पेटते आणि तिच्याजवळ घरातील आई आणि तान्हे मूल बसलेले असते. आकाशातल्या त्या राखेपेक्षा हा धूर त्यांच्या फुप्फुसाला अनेक पटींनी घातक आहे. शक्य तेथे गॅस वापरावा. ते जमत नसेल तर चुलीच्या खोलीला खिडकी किंवा धुराडे करावे आणि लहान मुलांना तेथे बसवू नये. राब भाजताना दमेकऱ्याने वाऱ्याच्या खालच्या बाजूस थांबू नये. क्रशरवर काम करणाऱ्यांनी नुसता रुमाल न बांधता चांगला मास्क मागून घ्यावा.

दमेकऱ्याच्या घरात किमान पंधरा दिवस पुरतील एवढी औषधे असावीत. पंप घेऊनही धाप कमी होत नाही, एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ निळसर दिसतात, बाळाच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जातात किंवा ते दूध ओढत नाही, यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी सकाळची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा. गाडी मिळाली तर थेट प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा माणगावचे उपजिल्हा रुग्णालय गाठावे.

ज्वालामुखी कधी फुटावा हे आपल्या हातात नाही. पिण्याचे पाणी, मुलांची लस, स्वयंपाकघरातील धूर आणि खिशातला पंप या चार गोष्टी मात्र आपल्याच हातात आहेत. पुढचा ढग येईल तेव्हा येईल. तोपर्यंत आपल्या पंपावरची मुदत संपली आहे का, एवढे वाचकांनी आजच पाहून घ्यावे.